भाच्याला जर्मनीत पैसे पाठवायचे आहेत, तर फॉर्मवर कारण काय लिहायचं?

नागपूरच्या मानेवाड्यात राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. धाकट्या बहिणीचा मुलगा मागच्या वर्षी जर्मनीत आखेनला एमएस करायला गेला. बहिणीचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले, म्हणून भाच्याच्या दुसऱ्या वर्षासाठी मामांनी 4 लाख रुपये द्यायचं ठरवलंय. बँकेतला मुलगा त्यांना म्हणाला, "काका, फॅमिली मेंटेनन्स लिहून टाका, लवकर होऊन जाते." शेजारच्या एका भाऊंचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. ते म्हणाले, "काहून बँकेच्या भानगडीत पडता? मला इथं रुपये द्या, माझा पोरगा तुमच्या भाच्याला तिथं युरो देईल." आता काय करू, असं मामा विचारतात.

मामा, दोन्ही करू नका. तिसरा रस्ता आहे, तो सरळ आहे आणि तुमच्या घरातूनच जातो. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत 31 वर्षं काढली, त्यातली 14 परकीय चलनाच्या टेबलावर. निवृत्तीनंतरही ओळखीची माणसं हेच कागद घेऊन घरी येतात. त्या अनुभवावरून सांगतो: परदेशी पैसे पाठवताना पुढे होणारा बहुतेक मनस्ताप फॉर्मवरच्या एका ओळीतून येतो, ती म्हणजे 'पैसे कशासाठी पाठवता'. ती खरी लिहिली की बाकी सगळं मार्गी लागतं.

आधी शेजारच्या भाऊंचं बघू, कारण ते सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात महागात पडतं. भाऊंचा हेतू चांगलाच असेल. त्यांना मुलाकडून इकडे पैसे हवे आहेत, तुम्हाला तिकडे पाठवायचे आहेत, मग दोघांचं काम परस्पर होतं. पण फेमा या 1999 च्या परकीय चलनाच्या कायद्याचं कलम 3 नेमकं हेच थांबवतं. परदेशात राहणाऱ्याला पैसे देणं किंवा त्याच्या वतीने इथं पैसे घेणं हे अधिकृत बँकेमार्फतच झालं पाहिजे. तुम्ही भाऊंच्या हातात 4 लाख ठेवता तेव्हा भाऊ त्यांच्या परदेशातल्या मुलाच्या वतीने पैसे घेतात आणि तुम्ही परदेशातल्या भाच्यापर्यंत पैसे पोचवता. एकही नोट सीमेपार गेली नाही तरी व्यवहार झालाच. कलम 13 प्रमाणे दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या 4 लाखांवर 12 लाखांपर्यंत.

कायदा बाजूला ठेवला तरी भाच्याचं काय होईल ते बघा. त्याच्या विद्यार्थ्याच्या खात्यात एका अनोळखी माणसाकडून चार हजार युरो आले आणि बँकेने विचारलं हे कोण, कशाचे, तर तो काय सांगणार? व्हिसा वाढवायच्या वेळी तेच स्टेटमेंट त्याला दाखवावं लागतं. आणि शेजारी निदान ओळखीचे तरी आहेत. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'युरो हवेत का, रुपये इथे टाका' म्हणणारे पूर्ण अनोळखी असतात. त्यात सायबर फसवणुकीचा पैसा फिरत असला तर इथलं खातं गोठतं. मग 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करून, पोलीस ठाण्यात खेटे घालून ते सोडवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे काय हाल होतात ते मी पाहिलंय.

आता बँकेतल्या मुलाचा सल्ला. त्याचा हेतू वाईट नाही, त्याला काउंटरवरची रांग संपवायची असते. परदेशी पैसे पाठवताना 'ए-टू' नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात पर्पज कोड टाकावा लागतो. कुटुंबाच्या निर्वाहासाठी एस 1301, भेट म्हणून एस 1302, परदेशातल्या शिक्षणासाठी, फी आणि हॉस्टेल खर्चासकट, एस 0305. निर्वाहाचा कोड जवळच्या नातेवाइकांसाठी आहे. जवळचे कोण, हे रिझर्व्ह बँकेने 2018 पासून कंपनी कायदा 2013 मधल्या व्याख्येवर ठेवलंय. त्यात नवरा-बायको, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य येतात. भाचा त्यात नाही, पुतण्या नाही, आणि अनेकांना धक्का बसतो पण नातूही नाही. आजोबांना नातवाला गिफ्ट म्हणून पाठवता येतं, निर्वाह म्हणून नाही. आपल्याकडे मामा हा बापाच्या जागी असतो, पण त्या यादीला ते कळत नाही.

त्यामुळे तुमच्या नावाने पाठवायचं असेल तर दोन खरी कारणं आहेत. भाच्याचं विद्यापीठाचं नोंदणी प्रमाणपत्र आणि व्हिसाची प्रत जोडून शिक्षणाचा कोड मागा. भाच्याच्या नात्यावरून बँक कुरकुरली तर गिफ्ट लिहा. गिफ्ट कुणालाही देता येते. भारतात तुमच्या भाच्यावर त्याचा आयकर बसत नाही, कारण आयकर कायद्याच्या व्याख्येत आईचा भाऊ हा नातेवाईक धरलाय. एकाच नात्याला एक कायदा बाहेर ठेवतो आणि दुसरा आत घेतो, म्हणूनच हे विचारून घ्यावं लागतं.

पण मी तुमच्या जागी असतो तर तिसरं केलं असतं. 4 लाख रुपये बहिणीला द्या. तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात एनईएफटीने, सोबत साध्या कागदावर दोघांच्या सहीचं गिफ्ट लेटर. भावाने बहिणीला दिलेल्या भेटीवर आयकर नाही, रक्कम कितीही असो. मग बहिणीने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर, मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून एस 0305 ने पाठवावेत. आई मुलाच्या शिक्षणाला पैसे पाठवते, यावर कुठल्याही टेबलावर प्रश्न येत नाही. हे काही पळवाट काढणं नाही. तुम्ही खरोखरच बहिणीला आधार देताय आणि ती खरोखरच मुलाला शिकवतेय. मात्र पैसे तिच्याच खात्यातून जायला हवेत. फॉर्म तिचा आणि चेक तुमचा, असं करू नका. आणि एक गोष्ट मला नुसत्या कागदाइतकीच महत्त्वाची वाटते. यजमान गेल्यावर अनेक बायकांचे बँक व्यवहार भावाच्या नाहीतर दिराच्या हातात जातात. हा एक फॉर्म तिने स्वतः भरला की पुढच्या वेळी ती कुणाची वाट बघणार नाही.

जर्मनीच्या बाजूनेही हाच रस्ता बरा. तिकडे भेटीवर कर आहे आणि घेणारा जर्मनीत राहत असेल तर देणारा नागपुरात असला तरी तो लागू होतो. मामाकडून भाच्याला दहा वर्षांत मिळून 20,000 युरोपर्यंत सूट आहे, आईकडून मुलाला 4,00,000 युरोपर्यंत. शिवाय शिक्षणासाठी दिलेली रक्कम त्या करातून वगळलेली आहे. म्हणजे इथं लिहिलेलं 'शिक्षण' हे कारण तिथंही त्याच्या कामी येतं. तुमचे सध्याचे चार हजार युरो कुठल्याच मर्यादेजवळ जात नाहीत, पण तुम्ही दरवर्षी मदत करायचं म्हणत असाल तर आत्तापासूनच नीट नोंद ठेवा.

आता पैशाचा हिशेब. इथं लोक चुकीच्या ठिकाणी बचत करतात. सगळे विचारतात, "चार्ज किती?" बँक सांगते पाचशे किंवा हजार, आणि माणूस खूश होतो. खरी किंमत दरात लपलेली असते.

हिशेब सोपा व्हावा म्हणून धरू की बाजारात एक युरो बरोबर 100 रुपयांचा आहे. बँकेचा बोर्डावरचा कार्ड रेट 102.50 असेल तर तुमच्या 4 लाखांचे 3,902 युरो होतात. बाजारभावाने 4,000 झाले असते. म्हणजे सुमारे 98 युरो, पावणेदहा हजार रुपये, गेले आणि ते कुठल्याही पावतीवर 'चार्ज' म्हणून छापलेले नसतात. पावतीवर काय दिसतं? पाठवण्याची फी, त्यावरचा जीएसटी आणि चलनबदलावरचा जीएसटी. हा शेवटचा पूर्ण रकमेवर नसतो. पहिल्या एक लाखावर 1,000 रुपये आणि त्यापुढच्या तीन लाखांवर अर्ध्या टक्क्याने 1,500, असं 2,500 रुपये मूल्य धरतात आणि त्याच्या 18 टक्के, म्हणजे 450 रुपये घेतात. माणूस त्या 450 वरून काउंटरवर भांडतो आणि पावणेदहा हजारांवर गुपचूप सही करतो.

म्हणून बँकेत गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "टीटी सेलिंगचा आजचा दर काय आणि मला किती कमी कराल?" टीटी सेलिंग म्हणजे परदेशी पाठवायला बँक ज्या दराने चलन विकते तो दर. तो कमी होतो. शाखेला ट्रेझरीकडून, म्हणजे बँकेच्या चलन-व्यवहार विभागाकडून, वेगळा दर मागता येतो, फक्त ग्राहकाने मागितल्याशिवाय कुणी स्वतःहून देत नाही. वरच्याच उदाहरणात दर 100.75 वर आला तर 3,970 युरो पोचतात. एका वाक्यात सुमारे 68 युरो वाचले, तिथलं दोन आठवड्यांचं किराणा सहज. माझ्या टेबलावर येणाऱ्यांपैकी दर मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. व्यापारी मागत, नोकरदार आणि पेन्शनर मागत नसत. त्यांना वाटे, बँकेत भाव करणं बरं दिसत नाही. बरं दिसतं. दोन बँकांत आणि एखाद्या अधिकृत ऑनलाइन सेवेत एकाच दिवशी, एकाच तासात विचारा आणि एकच प्रश्न विचारा: "मी एकूण 4 लाख दिले तर मुलाच्या खात्यात किती युरो जमा होतील?" तुलना त्या आकड्याची करा. शनिवार-रविवारी ऑनलाइन दर बघू नका. बाजार बंद असतो, म्हणून दर जास्त सावध ठेवलेला असतो.

त्या आकड्यावर अजून एक कात्री लागू शकते. पैसे नागपूरहून थेट आखेनला जात नाहीत. स्विफ्ट हे बँकांमधलं निरोप पाठवण्याचं जाळं आहे, पैसे मधल्या बँकांच्या खात्यांतून सरकतात आणि एखादी मधली बँक आपला खर्च कापून घेते. फॉर्मवर 'अवर', 'शेअर' आणि 'बेन' असे पर्याय असतात. अवर म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, शेअर म्हणजे वाटून, बेन म्हणजे घेणाऱ्याचा. विद्यापीठाला किंवा ब्लॉक्ड अकाउंटला (व्हिसासाठी दाखवायची रक्कम ज्यात अडकवून ठेवतात ते खातं) ठराविक रक्कम पोचायची असेल तर अवरच घ्या. तिथं दहा युरो कमी पडले तरी काम अडतं. व्हिसासाठी जर्मनी सध्या वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992, दाखवायला सांगतं. भाच्याच्या तिथे राहण्याच्या परमिटचं नूतनीकरण जवळ असेल तर आधी त्याला विचारा की तुमचे पैसे रोजच्या खात्यात हवेत की ब्लॉक्ड अकाउंटमध्ये.

खाते क्रमांकाबद्दल. जर्मनीचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 22 चिन्हांचा असतो, सुरुवातीला देशाची दोन अक्षरं आणि मग 20 आकडे. त्यातले पहिले दोन आकडे तपासणीचे असतात, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्रणाच तो नाकारते. जर्मनीला पाठवणाऱ्यांचं हे नशीब. कॅनडात आयबॅन नाही.

प्रतापनगरच्या एक निवृत्त शिक्षिका टोरंटोला मुलीला पैसे पाठवायला आल्या होत्या. मुलीने चेकचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. खालच्या पट्टीवर चेक नंबरनंतर पाच आकडी ट्रान्झिट नंबर, म्हणजे शाखेचा नंबर, मग तीन आकडी संस्थेचा नंबर, मग खातं. फोटो काढताना डावीकडचा भाग ट्रान्झिट नंबरच्या पहिल्या आकड्यासकट कापला गेला होता. बाईंनी दिसले ते चार आकडे लिहिले आणि फॉर्म नीट दिसावा म्हणून समोरच्या कर्मचाऱ्याने पुढे एक शून्य लावून पाच केले. तो आकडा शून्य नव्हता. पैसे नऊ दिवस मधेच राहिले आणि परत आले. परत येताना बँक विकण्याच्या दराने नाही, विकत घेण्याच्या दराने रुपये करते, म्हणजे दोन्ही बाजूंची तूट, वर मधल्या बँकेची कात्री. बाईंना अकरा हजारांच्या वर फटका बसला आणि मुलीची फीची तारीख गेली ती वेगळीच. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, खात्याचा तपशील फोटोवरून उतरवायचा नाही. मुलाकडून बँकेच्या ॲपमधली मजकुराची नक्कल मागायची आणि फॉर्म भरून झाल्यावर फोनवर त्याला एकेक आकडा वाचून दाखवायचा.

नावाचंही तसंच. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम, आणि पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव आत येतं, कधी नाही. तिकडच्या बँकेत खातं पासपोर्टवरून उघडलेलं असतं. फॉर्मवर तेच नाव, त्याच क्रमाने लिहा. शाळेच्या दाखल्यावरचं नाही.

टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, त्याची भीती फार पसरली आहे, ती तुमच्यापुरती दूर करतो. 1 एप्रिल 2025 पासून एका आर्थिक वर्षात, एका पॅनवर, सगळ्या बँका आणि सगळी कारणं मिळून 10 लाखांपर्यंत टीसीएस शून्य आहे. तुमचे 4 लाख त्याच्या आत आहेत. त्यापुढच्या रकमेवर त्या दिवसापासून शिक्षण आणि उपचारासाठी 5 टक्के, गिफ्ट आणि निर्वाहासाठी 20 टक्के असा दर लागला. त्या दरांनी 14 लाख पाठवणाऱ्याला हा फरक 20,000 की 80,000 इतका पडतो, म्हणून पुन्हा कारणाची ती ओळ. कायद्याने ठरवलेल्या संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर तेव्हापासून टीसीएस अजिबात नाही. बजेटमध्ये हे दर हलतात, तेव्हा पाठवण्याच्या आठवड्यात चालू दर बँकेला विचारून घ्या. टीसीएस हा बुडालेला पैसाही नाही. तो आयकर खात्याच्या कर-नोंदीत (26 एएस) तुमच्या नावावर दिसतो आणि रिटर्न भरलं की वळता होतो किंवा परत येतो. ताईंचं, म्हणजे तुमच्या बहिणीचं, उत्पन्न करपात्र नसलं आणि कधी टीसीएस कापला गेला, तरी परताव्यासाठी त्यांना रिटर्न भरावंच लागेल.

वार्षिक मर्यादेची काळजी तर सोडूनच द्या. माणसाने परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची ही योजना 2004 मध्ये 25,000 डॉलरवर सुरू झाली, 2015 पासून माणशी 2,50,000 डॉलर आहे.

एक सवय मात्र मोडा, घरात असेल तर. भाचा शिकायला गेला तेव्हापासून फेमाच्या हिशेबाने तो अनिवासी झाला. त्याचं नागपुरातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाच्या रुपयातल्या खात्यात, बदलून घ्यायला हवं. अनेक घरी ते तसंच ठेवतात, इथून त्यात रुपये भरतात आणि मुलगा तिथं डेबिट कार्डाने काढतो. खातं चुकीच्या प्रकारात राहतं आणि प्रत्येक वेळी कार्डाचं मार्कअप आणि एटीएमची फी जाते ते वेगळंच.

पतसंस्थेत खातं असेल तर तिथून हे काम होणार नाही, परकीय चलनाचा परवाना असलेली अधिकृत डीलर बँकच लागते. आणि बँकेचीही प्रत्येक शाखा हे करत नाही. मानेवाड्याची शाखा कागद घेऊन परकीय चलनाचं काम करणाऱ्या मोठ्या शाखेकडे पाठवेल, त्यात एक-दोन दिवस जातात आणि दर त्या दिवशीचा लागतो. शक्य असेल तर थेट त्या मोठ्या शाखेतच जा, मंगळवार ते गुरुवार, सकाळी. दुसरा-चौथा शनिवार इथं बंद. तिकडे गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, 1 मे, 25 आणि 26 डिसेंबर, 1 जानेवारी या दिवशी युरोची यंत्रणा बंद असते.

पैसे गेले की स्विफ्टच्या निरोपाची प्रत आणि यूईटीआर नावाचा लांबलचक क्रमांक मागून घ्या. त्यावरून पैसे कुठं अडलेत ते कुठलीही बँक शोधू शकते. पाच कामाच्या दिवसांत जमा झाले नाहीत तर तोच क्रमांक घालून लेखी तक्रार द्या, तोंडी नको. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पोर्टलवर मोफत तक्रार करता येते. झिरो माइलजवळच्या रिझर्व्ह बँकेत अर्ज घेऊन जाणारे मला अजून भेटतात. कागदावरची तक्रारही आता चंदीगडच्या केंद्रात जाते. माहिती हवी असेल तर 14448 वर विचारा.

तुमच्यासाठी आता काम एवढंच. सोमवारी ताईंच्या खात्यात पैसे टाका आणि गिफ्ट लेटरवर दोघं सही करा. ताईंचं पॅन आधारला जोडलेलं आहे ना ते त्याच दिवशी बघून घ्या, कारण त्यावर अडलेले फॉर्म मी सगळ्यात जास्त पाहिलेत. भाच्याकडून नोंदणी प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि परमिटची प्रत, आयबॅन आणि बँकेचा बीआयसी (स्विफ्ट कोड) मागवा. मंगळवारी ताईंना बरोबर घेऊन बँकेत जा आणि दराचं ते वाक्य त्यांनाच बोलू द्या.